पूजेला बसते, पण मन लागत नाही

समुपदेशनासाठी येणारी बहुतेक माणसे श्रद्धेचा प्रश्न सुरुवातीला काढत नाहीत. झोप लागत नाही, नोकरीत जीव रमत नाही, मुलगा ऐकत नाही, असे काहीतरी आधी सांगून होते आणि भेटीची शेवटची दहा मिनिटे उरली की खालच्या आवाजात एक वाक्य येते: "पूजेला बसते, पण मन लागत नाही." खरी भीती त्याच्या पुढच्या वाक्यात असते: "हे पाप तर नाही ना? देवानेच माझ्याकडे पाठ फिरवली असेल का?" दिवाळी सरली की हा प्रश्न अधिक कानावर येतो, आणि तो उत्तरेकडच्या थंड देशांत राहणाऱ्या मराठी माणसांकडून विशेष येतो. त्यांच्यापैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शहर मात्र खरे ठेवले आहे, कारण ते शहर पृथ्वीवर कुठे आहे यावर या हकिकतीतले बरेच काही अवलंबून आहे.

या बाई चाळिशीतल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वारकरी घरात त्या वाढल्या आणि लग्नानंतर काही वर्षांनी पतीसोबत स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे स्थायिक झाल्या. संगणकाची नोकरी, तीही बहुतेक दिवस घरूनच. पंधरा वर्षांचा मुलगा. गावाकडे एकटी आई. वडील गावच्या विठ्ठल मंदिरात पखवाज वाजवत असत. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या अंधारात मंदिरात काकडा चाले, आणि शाल गुंडाळून वडिलांचे बोट धरून काकड्याला जाणे ही त्यांच्या लहानपणाची सर्वांत ठळक आठवण होती. पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्याशी बोलत असताना इतर विषयांवर थकलेल्या आवाजात उत्तरे देणाऱ्या त्या काकड्याविषयी बोलताना मात्र सरळ होऊन बसत, हे माझ्या लगेच लक्षात आले.

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगायची तर अशी होती: "ताई, देवापुढे बसले की आतून काहीच हलत नाही. हात आपोआप फिरतात, तोंडाने हरिपाठ चालू असतो आणि डोक्यात ऑफिसची यादी असते. आधी वाटायचे, काम फार आहे म्हणून होत असेल. आता वाटते, श्रद्धाच संपली. वडील असते तर त्यांना तोंड दाखवले नसते." सोबत इतरही गोष्टी होत्या, पण त्या जाता जाता, महत्त्वाच्या नसल्यासारख्या सांगितल्या गेल्या. सकाळी उठवत नाही. नऊ तास झोपूनही अंग जड राहते. पाव, भात, गोड यांची सारखी इच्छा होते. मैत्रिणींचे फोन घेणे टळते. या सगळ्याला त्यांनी स्वतःच एक नाव देऊन टाकले होते: आळस. आणि आळस हा भक्ती कमी झाल्याचा पुरावा, असे त्यांच्या मनातले गणित होते.

मी त्यांना विचारले, "जूनमध्ये पूजेला बसता तेव्हा काय होते?" त्या थांबल्या. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "जूनमध्ये हा प्रश्न मला पडतच नाही." मग आम्ही मागची वर्षे आठवून पाहिली. लागोपाठ तिसरा हिवाळा असा चालला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उतार लागे, जानेवारी सर्वांत वाईट जाई, आणि मार्चच्या अखेरीस, त्यांच्या भाषेत, "देव परत येई". ज्या श्रद्धेला दरवर्षी ठरलेल्या महिन्यात ग्रहण लागते आणि ठरलेल्या महिन्यात सुटते, तिचा विचार करण्याआधी शरीराचा विचार करावा लागतो, असे माझे मत आहे आणि मी ते त्यांना तसेच सांगितले.

एडिंबरा जवळपास 56 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. म्हणजे दिवस जेमतेम सात तासांचा, आणि त्यातही आभाळ बहुधा झाकलेले. पुण्यातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे जातात आणि एका रात्रीत संध्याकाळ दुपारवर येऊन आदळते. हे दिवाळीच्या आसपासच घडते, त्यामुळे आपल्या माणसांना तो बदल अधिकच बोचतो. हिवाळ्यात दरवर्षी परतणाऱ्या या नैराश्याचे पहिले सविस्तर वर्णन 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतून प्रसिद्ध केले. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून न्यूयॉर्कला आलेले. तेथील हिवाळ्यात आपलीच ताकद ओसरते आणि वसंतात परत येते, हे त्यांनी आधी स्वतःच्या बाबतीत पाहिले होते. ही गोष्ट मी बाईंना मुद्दाम सांगितली. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला असे होणे हा भक्तीतला दोष नाही, हे त्यांना माझ्या दिलाशातून नव्हे तर अशा एखाद्या वस्तुस्थितीतून कळावे, अशी माझी इच्छा होती.

या नैराश्यात साध्या नैराश्याहून काही लक्षणे उलटी दिसतात. झोप उडण्याऐवजी वाढते, भूक मरण्याऐवजी पिष्टमय आणि गोड पदार्थांकडे धावते, वजन वाढते, आणि माणूस लोकांपासून दूर सरकतो. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड मेंदूतल्या जैविक घड्याळाला दिवस सुरू झाल्याचे कळवत असतो. तो उजेड उशिरा आणि अपुरा मिळाला की झोप, भूक, उत्साह आणि मनःस्थिती यांची वेळापत्रके विस्कळीत होतात. भक्तीला लागणारी एकाग्रता, ओलावा आणि पुढाकार या गोष्टी काही शरीराबाहेर राहत नाहीत. ज्या मनाला मुलाच्या विनोदावर हसायला जमत नाही, त्याच मनाला आरतीत गहिवर यावा अशी अपेक्षा आपण करतो आणि तो आला नाही की स्वतःला अपराधी ठरवतो.

एक तपशील मात्र मला दुसऱ्या भेटीत कळला आणि तो या हकिकतीचा गाभा आहे. गावातला त्यांचा भाचा मंदिरातला काकडा मोबाइलवर थेट दाखवत असे. पहाटे पाचला गावात टाळ वाजू लागले की एडिंबऱ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असत. घड्याळे मागे जाण्याआधी तर साडेबारा. बाई दिवे मालवून, पांघरुणात, फोन डोळ्यांसमोर धरून तो काकडा पाहत. कार्तिक संपला की त्या वेळी एखाद्या मोठ्या देवस्थानाचे थेट दर्शन लावत. झोपायला एक वाजे. सकाळी कशाबशा उठून, पडदे न उघडता संगणकासमोर बसत, आणि दुपारी बाहेर डोकावावे तर अंधार झालेला असे. पहाटेचा विधी मध्यरात्रीवर गेला होता. अंधारातून उजेडाकडे नेण्यासाठी जी उपासना पिढ्यानपिढ्या पहाटे केली गेली, ती त्यांना रोज अंधाराकडून आणखी अंधाराकडे नेत होती, आणि ही गोष्ट त्या अत्यंत निष्ठेने करत होत्या. या निष्ठेपुढे मला फार आदर वाटला आणि तितकेच वाईटही वाटले.

मी निदान करत नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. म्हणून त्यांना आधी तिथल्या डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या झाल्या, कारण थकव्याची ही सगळी कारणे हिवाळ्याच्या आड लपू शकतात. ड जीवनसत्त्व कमी निघाले. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज 10 मायक्रोग्रॅमचा विचार करायला सांगतात आणि सावळ्या त्वचेच्या माणसांना वर्षभर. पण त्या गोळीने मन प्रसन्न होईल अशी आशा धरू नका, ती मुख्यतः हाडांसाठी आणि स्नायूंसाठी आहे, हेही त्यांना स्पष्ट सांगितले गेले. डॉक्टरांनी हंगामी नैराश्याचे निदान केले, औषध, संवादोपचार आणि प्रकाशोपचार असे पर्याय मांडले, आणि डोळ्यांचा आजार किंवा अतिउत्साहाचे झटके यांचा इतिहास नसल्याची खात्री केल्यावर 10,000 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यापुढे रोज सकाळी अर्धा तास बसण्याचे ठरले. ज्यांना पूर्वी कधी असा अतिउत्साहाचा, म्हणजे उन्मादाचा, झटका आला आहे त्यांनी हा दिवा स्वतःहून सुरू करू नये. औषध घेण्याची वेळ आली असती तरीही मी त्यांना हेच म्हटले असते, की ती गोळी म्हणजे विठ्ठलावरचा अविश्वास नाही.

दुसरा बदल आम्ही दोघींनी मिळून ठरवला: रात्रीचे थेट दर्शन बंद, आणि त्याच काकड्याची ध्वनिफीत सकाळी दिव्यापुढे बसून ऐकायची, ती संपली की वीस मिनिटे बाहेर चालायचे, पाऊस असला तरी. घरातल्या दिव्यांचा उजेड काही शे लक्सच असतो आणि ढगाळ दिवशीही बाहेर त्याहून कितीतरी अधिक उजेड मिळतो. दिवा त्यांनी लगेच स्वीकारला, पण काकड्यावरून अडल्या. "थेट चालू असताना झोपून राहायचे आणि सकाळी शिळा ऐकायचा? ते चालेल का?" मी त्यावर निर्णय देऊ शकत नव्हते, आणि देऊही नये. मी म्हटले, "हे आईंना विचारा." त्यांनी विचारले. आईंचे उत्तर त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले: "आगं, तुझ्याकडं उजाडंल तवा तुझा काकडा. हितल्या कोंबड्यावर तू कशापायी उठतीस?" चार वेळा समजावूनही मला जे साधले नसते ते आईंच्या दोन वाक्यांनी झाले. श्रद्धेच्या बाबतीत माणसाला परवानगी हवी असते, आणि ती समुपदेशकाकडून नको असते. त्याच परंपरेतल्या, विश्वासाच्या माणसाकडून हवी असते. म्हणून माझ्या कामात मी घरातल्या वडीलधाऱ्यांना फार मानते.

दोन आठवड्यांत झोप सुधारली. सकाळी अंग हलके वाटू लागले, गोडाची ओढ कमी झाली, एका मैत्रिणीचा फोन त्यांनी स्वतः होऊन केला. आणि याच सुमारास त्यांच्या मुलाने जेवताना एक प्रश्न विचारला, ज्याने त्या हादरल्या. मुलगा म्हणाला, "आई, दिव्याच्या पेटीने तुझा देव परत येत असेल, तर मग तो देव होता की नुसता उजेड?" बाईंनी तो प्रश्न माझ्यासमोर जसाच्या तसा ठेवला आणि म्हणाल्या, "मला उत्तर देता आले नाही. आता मलाच तो छळतो आहे."

हा प्रश्न आजच्या काळाचा आहे आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. उपाशी आई चिडचिडी होते आणि पोटात भाकरी गेल्यावर पुन्हा मुलाला मायेने जवळ घेते; तेवढ्यावरून माया म्हणजे भाकरी असे कोणी म्हणत नाही. शरीर हे मायेचे वाहन आहे, तसे ते भक्तीचेही आहे, आणि वाहनाची डागडुजी केल्याने प्रवास खोटा ठरत नाही. पण मी मुलाचीही बाजू घेतली. तो टिंगल करत नव्हता. आईच्या आत काय चालले आहे ते त्याला समजून घ्यायचे होते, आणि घरात या विषयावर त्याच्याशी कोणी बोललेच नव्हते. देव आहे की नाही याचे उत्तर माझ्या खुर्चीवरून देता येत नाही, आणि जे समुपदेशक ते देतात, हो म्हणून किंवा नाही म्हणून, ते आपल्या मर्यादेबाहेर जातात असे मला ठामपणे वाटते. आईला मी एवढेच सुचवले की मुलाला उत्तर देऊ नका, काकड्याच्या आठवणी सांगा. त्यांनी सांगितल्या. मुलाला आजोबांच्या पखवाजाविषयी काहीच ठाऊक नव्हते.

त्या आठवणी बोलता बोलताच प्रश्नाचा दुसरा पदर उलगडला. थकवा गेला होता, तरी पूजेतला कोरडेपणा थोडा उरला होता. मी विचारले, "लहानपणी काकड्याला गेल्यावर रोज मन भरून येत असे का?" त्या हसल्या. म्हणाल्या, कित्येकदा त्या खांबाला टेकून झोपत. कोणीतरी अंगावर घोंगडे टाकी. जाग आली की गौळण चाललेली असे, मग सगळ्यांसोबत चहा. "तेव्हा तुम्हाला कोणी विचारले का, की आज किती भाव दाटला?" कोणीही नाही. वडिलांना पखवाज जमला नाही त्या दिवशी दुसरा कोणी धरी. एखाद्याचे मन नसले तरी टाळ चालू राहत. भक्तीचा भार पंधरावीस माणसांत वाटला गेला होता. एडिंबऱ्यात त्याच बाई एकट्या देवघरापुढे बसत: पुजारी त्याच, भजनी मंडळ त्याच, आणि मन लागले की नाही हे तपासणाऱ्या परीक्षकही त्याच. आधुनिक जगण्याने आपल्याला फार काही दिले आहे आणि त्याविषयी मी कृतज्ञ आहे, पण श्रद्धेच्या बाबतीत त्याने एक कठीण गोष्ट केली आहे. गाव, वेळ आणि सोबत काढून घेऊन त्याने श्रद्धेला एकट्याची भावना करून ठेवले आहे. भावना हवामानासारखी बदलते. म्हणून हिवाळ्यात ती मावळली की सगळेच गेले असे वाटते. वारकरी परंपरेला ही कोरडी वेळ अनोळखी नाही. तुकोबांच्या अभंगांत विठ्ठलाशी केलेली भांडणे आणि तो भेटत नाही म्हणून केलेला आकांत भरपूर आहे, आणि तेच अभंग फडावर सगळ्यांनी मिळून म्हटले जातात. दुःख एकट्याचे असले तरी ते गाणारा एकटा नसतो.

डिसेंबरच्या मध्याला धुंधुरमास लागला. आपल्याकडे या महिन्यात सूर्योदयाच्या वेळी नैवेद्य दाखवून जेवण्याची रीत आहे: मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत. वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या महिन्यात पहाटे उठायला लावणारी आणि लोकांना एकत्र बसवणारी ही रीत मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. बाईंनीच ती आठवण काढली. एका रविवारी त्यांनी ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांना सूर्योदयाला, म्हणजे तिथल्या हिशेबाने सकाळी पावणेनऊला, घरी बोलावले. त्या वेळेला उठणे कोणालाच जड गेले नाही. मुलाने "मी देव मानत नाही, पण खिचडी वाढीन" असे सांगून पंगत वाढली. जेवणानंतर सगळे मिळून चालायला गेले. मकरसंक्रांतीपर्यंत हा रविवारचा क्रम वेगवेगळ्या घरी चालू राहिला, आणि बाईंच्या सांगण्याप्रमाणे पूजेपेक्षा या पंगतींनी त्यांना अधिक सावरले.

येथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पुण्यात किंवा नागपुरात डिसेंबरमध्ये मन उदास झाले तर लगेच त्याला हंगामी नैराश्य म्हणू नये; आपल्याकडे उजेड पुरेसा असतो, त्यामुळे दुःख, अतिश्रम, थायरॉइड, घरातला ताण ही कारणे आधी पाहावीत. अपवाद रात्रपाळीचा. हिंजवडीसारख्या ठिकाणी अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारी मुले, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की, आणखी एक तास उशिरा घरी येतात आणि सकाळचा उजेड जाड पडद्यांआड झोपून काढतात. त्यांच्याकडूनही मी हीच वाक्ये ऐकली आहेत. आणि हिवाळा असो वा उन्हाळा, "देवाने टाकले, आता जगून काय करायचे" असा विचार मनात येऊ लागला तर तो श्रद्धेचा प्रश्न समजून एकट्याने सोसू नये. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स संस्थेचा 116 123 हा क्रमांक आहे.

बाईंना मी सुरुवातीलाच एक विनंती केली होती: श्रद्धा आहे की संपली याचा निकाल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावू नका, कोणतेही व्रत सोडू नका आणि नवे घेऊही नका. तो विषय आम्ही एप्रिलसाठी राखून ठेवला. एप्रिलमध्ये, तिथला दिवस चौदा तासांच्या आसपास पोहोचलेला असताना, आम्ही पुन्हा बोललो. त्यांनी शांतपणे सांगितले की मार्गशीर्षातले गुरुवार त्या इतकी वर्षे केवळ भीतीने करत होत्या; लग्नानंतर कोणीतरी सांगितले होते की चुकले तर मुलाला त्रास होईल. त्या व्रतावर प्रेम असणाऱ्या पुष्कळ स्त्रिया मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा आनंद खरा आहे; पण या बाईंच्या वाट्याला त्यातली फक्त भीती आली होती. त्यांनी ते व्रत थांबवायचे ठरवले, आईंना तसे कळवले, आणि काकडा, एकादशी व धुंधुरमासाची पंगत एवढे ठेवले. हाच निर्णय जानेवारीत घेतला असता तर त्या पुढचे कित्येक महिने एखाद्या संकटाची वाट पाहत बसल्या असत्या, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी दिवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बाहेर काढला. हिवाळा तरीही जड गेला, पण नोकरी, घर आणि झोप सांभाळता आली. पूजेत कधी मन लागते, कधी लागत नाही; न लागलेल्या दिवशी त्या एक अभंग म्हणून उठतात आणि चालायला जातात. मुलगा आता मोबाइलवर पखवाजाचे धडे पाहून टेबलावर ठेका धरू लागला आहे, आणि पुढच्या कार्तिकात आजीकडे जायचे तर शाळेची रजा कशी मिळवायची, यावर घरात सध्या वाद चालू आहे.